दोनशे रुपयांचा हिशेब: विधानमंडळाच्या सदस्यांना खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्र विधानसभा आणि विधान परिषदेचे सर्व सन्माननीय सदस्य,
विधान भवन, मुंबई

विषय: कल्याणकारी योजना, राज्याची तिजोरी आणि १९७५ साली आपल्याच सभागृहांनी घालून दिलेला पायंडा

सप्रेम नमस्कार.

मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका. सांगली जिल्ह्यात ३५ वर्षं नोकरी केली. पगारपत्रकावर कपातीच्या रकान्यात दर महिन्याला एक ओळ असायची: व्यवसाय कर, २०० रुपये. फेब्रुवारीत ३००. मधल्या सुट्टीत कुणीतरी हमखास कुरकुर करायचं, ‘हे कशाचे कापतात कोण जाणे.’ मला ते ठाऊक होतं. त्या २०० रुपयांशी माझं जुनं नातं आहे, आणि हे पत्र त्या नात्यातूनच लिहिते आहे.

सध्या लग्नात, बारशात, पेन्शनच्या रांगेत, कुठंही गेलं तरी लाडकी बहीण योजनेवरून एकच वाद ऐकू येतो. एक म्हणतो, सरकार फुकट वाटत सुटलंय, राज्य दिवाळखोर होणार. दुसरा म्हणतो, गरिबाच्या हातात चार पैसे पडले की तुमच्या पोटात दुखतं. दोघंही तावातावानं बोलतात आणि चहा पिऊन घरी जातात. आपल्या सभागृहांतही गेली दोन वर्षं हाच वाद याच पातळीवर चालला आहे, याचं मला मनापासून वाईट वाटतं. कारण या प्रश्नाचं उत्तर देशात सगळ्यात आधी ज्यांनी शोधलं, ते लोक तुमच्याच बाकांवर बसत होते.

१९७२ साली मी सहा वर्षांची होते. आटपाडी तालुक्यातलं आमचं गाव. पावसानं सलग तिसऱ्या वर्षी पाठ फिरवली होती. ज्यांच्या घरातलं कुणी गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, धंद्यावर परमुलखात होतं, त्यांच्याकडे मनिऑर्डर यायची. आमचं तसं कुणी नव्हतं. आई-वडील दोघंही दुष्काळी कामावर जायचे. वडील पाझर तलावाच्या बांधावर माती टाकायला आणि आई खडी फोडायला. मी आईबरोबर असायचे. चार काठ्यांवर गोणपाट टाकून केलेल्या सावलीत बायका ओळीनं बसलेल्या, समोर दगडाचा ढीग, हातात हातोडी, तान्ही पोरं झोळीत. कच उडून डोळ्यांत जायची. दुपारी सुकडी मिळायची, ती मी संध्याकाळपर्यंत पुरवून पुरवून खायचे. घरी मिलोची लाल भाकरी. ती थापताना तुटायची आणि आई चिडायची.

गावातल्या वाण्यानं त्या उन्हाळ्यात उधारी बंद केली होती. दुष्टपणानं नाही. त्याच्याकडेच माल भरायला पैसा उरला नव्हता. पहिला पगार वाटला त्या आठवड्याच्या बाजाराला त्यानं दुकानाची फळी पुन्हा उघडली. बाजारात चार गाडे जास्त आले. धान्य कुठून आलं हे मला तेव्हा कळलं नाही. मोठी झाल्यावर कळलं, की ज्या गावात लोकांच्या हातात पैसा असतो त्या गावाकडे व्यापारी धान्य घेऊन येतो, आणि जिथं नसतो तिथून असलेलं धान्यही निघून जातं. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात जवळजवळ ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. तेव्हा राज्याची लोकसंख्या होती ५ कोटी, म्हणजे दर दहा माणसांमागे एक. पिकं गेली, जनावरं गेली, पण एवढ्या मोठ्या अवर्षणात जी उपासमार व्हायला हवी होती, ती टळली.

आमच्या घरची बैलजोडी त्या साली विकली गेली. जमीन मात्र विकली गेली नाही. माझं सगळं म्हणणं या एका वाक्यावर उभं आहे, म्हणून ते पुन्हा लिहिते. आई-वडिलांना काम मिळालं, म्हणून साडेचार एकर माळरान सावकाराच्या नावावर चढलं नाही.

पुढचं ऐका. वडिलांनी माती टाकलेल्या त्या बांधाखालच्या विहिरींना पूर्वी दिवाळीपर्यंत पाणी टिकायचं, ते माघापर्यंत टिकू लागलं. १९९० मध्ये राज्यानं रोजगार हमीशी जोडलेली फळबाग लागवड योजना आणली. खड्डे खोदण्याची मजुरी, कलमं, खत, सगळं योजनेतून, आणि झाडं जगली असतील तरच पुढचा हप्ता. भावानं त्याच माळावर डाळिंब लावलं. शेजाऱ्यांनी लावलं, पलीकडे सांगोल्यात लोकांनी डाळिंब आणि बोर लावलं. टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी आमच्या भागात फार नंतर आलं. माळावर हिरवा रंग त्याआधीच दिसू लागला होता. त्या डाळिंबावर पॅकिंगवाले, टेम्पोवाले, औषधांचे दुकानदार, कर्ज देणाऱ्या सोसायट्या उभ्या राहिल्या. आणि खडी फोडणाऱ्या बाईची मुलगी डी.एड. होऊन मास्तरीण झाली आणि राज्याला व्यवसाय कर भरू लागली.

माझ्या आईला मिळालेली मजुरी तुमच्या कागदांवर ‘महसुली खर्च’ म्हणून लागली असेल. मी तिच्याकडे ५० वर्षांच्या अंतरावरून बघते, तेव्हा मला ती राज्याची एक चांगली पेरणी दिसते.

आता २०० रुपयांकडे येते. आमच्याच जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यातल्या विसापूरशी नातं असलेले वि. स. पागे १९६० ते १९७८ अशी १८ वर्षं विधान परिषदेचे सभापती होते. परिषदेच्या सदस्यांना हे नाव सांगायची गरज नाही, पण विधानसभेतल्या तरुण सदस्यांसाठी लिहिते. ज्याला काम हवं आहे त्याला राज्यानं काम द्यावंच, हा विचार त्यांनी लावून धरला. १९६५ साली विसापुरात त्याचा प्रयोग केला, वसंतराव नाईकांच्या सरकारला तो पटवला, आणि १९७२ पासून रोजगार हमी योजना राज्यभर आली. दुष्काळ सरला तेव्हा ही कामं बंद करून टाकणं सोपं होतं. तसं झालं नाही. १९७५ साली व्यवसाय कराचा कायदा झाला. जो पगार घेतो, धंदा करतो, त्यानं ज्याला काम नाही त्याच्यासाठी थोडं द्यायचं, आणि जेवढं जमा होईल तेवढीच भर राज्यानं स्वतःच्या तिजोरीतून घालायची. मग १९७७ चा रोजगार हमी अधिनियम आला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला.

हा क्रम बारकाईनं बघा, अशी माझी विनंती आहे. आधी पैसा कुठून येणार ते ठरलं, मग हक्क दिला गेला. दोन्ही गोष्टी कायद्यानं झाल्या. काम मागितल्यावर १५ दिवसांत द्यायचं, नाही दिलं तर भत्ता द्यायचा. बाईला आणि पुरुषाला एकच दर. माझ्या आईला शेतमालकाकडे पुरुषाच्या निम्मी मजुरी मिळायची. सरकारी कामावर ती पहिल्यांदा वडिलांच्या बरोबरीनं कमावू लागली, आणि घरात तिचा आवाज जरा वर गेला. व्यवसाय कराचा मोठा वाटा मुंबईतून जमा व्हायचा. मुंबईकरांनी तो का सोसला? त्यांनीच दुष्काळात फुटपाथवर उतरलेली आमची माणसं पाहिली होती. गावात काम निघालं नाही तर गाव शहराच्या दारात येतं, हे त्या पिढीला डोळ्यांनी दिसलं होतं.

२००५ साली देशानं केलेला रोजगार हमीचा कायदा आपल्या या अनुभवावर उभा राहिला. म्हणून महाराष्ट्रात बसून कुणी ‘कल्याणकारी योजना अर्थव्यवस्थेला मारतात’ असं सरसकट म्हणू लागलं, की मला ते आपल्याच घरातली कागदपत्रं न वाचता केलेलं विधान वाटतं.

या योजनेची कीडही मी जवळून पाहिली आहे. आमच्याकडे पोरंसोरंसुद्धा ओरडायची, ‘रोजगार हमी, अर्धे तुम्ही, अर्धे आम्ही.’ मस्टरवर मेलेल्यांचे अंगठे उठले. जिथं पाणी अडायला हवं तिथं बांध घालण्याऐवजी पुढाऱ्याच्या शेताकडे रस्ता गेला. काही तलाव गाळानं भरले ते भरलेच. १९८८ मध्ये किमान वेतन एकदम वाढलं, तेव्हा मजुरी कायद्याप्रमाणे द्यावी लागेल म्हणून कामं काढण्यातच हात आखडता घेतला गेला. पुढं पुढं तर नमुना ४ भरून काम मागणाऱ्याला पोचपावती मिळणंही मुश्कील झालं, कारण पोच दिली की १५ दिवस मोजले जाणार. माझ्या पगारातून २०० रुपये मात्र नेमानं कापले जात होते. ते कुणासाठी कापले आणि कुणाला पोचले, हा प्रश्न मी ३५ वर्षं मनात वागवला आहे.

शिक्षिका म्हणून एक गोष्ट मी पाहिली, ती कुठल्या अहवालात येत नाही. दसरा झाला की वर्गातली मागची बाकं रिकामी व्हायची. आई-बाप कोयता घेऊन ऊसतोडीला निघाले की पोरंही गाडीत बसायची. मार्चमध्ये परत यायची तेव्हा बेरीज-वजाबाकी विसरलेली असायची. ज्या वर्षी गावात काम निघालं, त्या वर्षी त्यातली निम्मी तरी पोरं एप्रिलपर्यंत वर्गात दिसायची. अशा एका वर्षी टिकलेला एक मुलगा आज औद्योगिक वसाहतीत मशीन चालवतो आणि त्याच्याही पगारातून व्यवसाय कर कापला जातो. आधीच्या वर्षी गेलेला त्याचा थोरला भाऊ अजून कोयत्यावर आहे. दोघांमध्ये अकलेचा फरक मला कधी दिसला नाही.

आता लाडक्या बहिणीबद्दल, कारण या पत्राचं खरं निमित्त तीच आहे.

२८ जून २०२४ च्या अर्थसंकल्पात ही योजना जाहीर झाली. २१ ते ६५ वयाच्या, अडीच लाखांच्या आतलं कौटुंबिक उत्पन्न असलेल्या घरातल्या बाईला महिन्याला १,५०० रुपये. माझ्या ओळखीच्या अनेक सुशिक्षित लोकांनी तेव्हा नाकं मुरडली. मी नाही मुरडली. आमच्या गल्लीत चार घरची धुणीभांडी करणारी एक बाई आहे. तिनं या पैशातले ५०० रुपये दर महिन्याला भिशीत टाकले आणि दीड वर्षानं शिलाई मशीन घेतलं. आता ती दुपारी फॉल-पिको करते. नवऱ्याला न विचारता घेतलेली ही तिच्या आयुष्यातली पहिली मोठी वस्तू. असा पैसा मुंबईच्या शेअर बाजारात जात नाही, तो गल्लीतल्या किराणावाल्याकडे आणि शिंप्याकडे जातो, आणि १९७३ च्या आमच्या वाण्यासारखं आणखी एखादं दुकान उघडं राहतं.

तेव्हा बाईच्या हातात पैसा दिला याबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार आहे ती १९७५ चा क्रम मोडल्याबद्दल.

योजना आली तेव्हा विधानसभेची निवडणूक पाच महिन्यांवर होती. वर्षाला ४६ हजार कोटी लागतील असं सांगितलं गेलं. ते कुठून येतील, यासाठी एकही कर, एकही उपकर, एकही कायदा आला नाही. पुढं २,१०० रुपयांचं आश्वासनही दिलं गेलं. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात या योजनेसाठी ३६ हजार कोटी ठेवले आणि त्याच अर्थसंकल्पात महसुली तूट होती ४५,८९१ कोटी. महसुली तूट म्हणजे वर्षाचा चालू खर्च भागवण्यासाठी काढलेलं कर्ज. राज्यावरचं एकूण कर्ज ९ लाख ३२ हजार कोटींवर जाईल असा त्याच कागदांतला अंदाज.

या आकड्यांनी घाबरवणारे लोक अर्धंच सांगतात. महाराष्ट्राची अर्थव्यवस्थाही मोठी आहे. हे कर्ज राज्याच्या स्थूल उत्पन्नाच्या १९ टक्क्यांच्या आत भरतं आणि बऱ्याच राज्यांपेक्षा आपली स्थिती बरी आहे. राज्य उद्या बुडणार नाही. पण शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या कुणालाही एक फरक सांगावा लागत नाही. विहिरीसाठी काढलेलं कर्ज विहीर फेडते. दर महिन्याच्या किराणासाठी कर्ज काढायला लागलात, तर एक दिवस विहिरीसाठी कर्ज मागायला जाल तेव्हा सोसायटी नाही म्हणेल.

आणि ओढाताण सुरू झाली की ती कुणाच्या ताटातून होते, हेही आपण पाहिलं. सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास या विभागांचा निधी या योजनेकडे वळवला गेला. त्याबद्दल मंत्रिमंडळातल्याच मंत्र्यानं जाहीर नाराजी व्यक्त केली. वसतिगृहातल्या मुलीच्या वाट्याचा पैसा तिच्या आईला द्यायचा आणि दोघींचं कल्याण केलं म्हणायचं, हे मला पटत नाही. ज्यांचा वाटा संविधानाच्या आधारानं ठरला आहे, त्यांच्याच खिशातून घेऊन दुसऱ्या गरिबाला देणं याला मी कल्याण म्हणू शकत नाही.

कायदा नसल्यानं बाईचीही परवड होते. निवडणुकीआधी अर्ज घाईघाईनं मंजूर झाले, मग २०२५ मध्ये २६ लाखांवर नावं संशयित म्हणून बाजूला काढली गेली. त्यात चक्क हजारो पुरुष निघाले. ते काढायलाच हवे होते. पण त्यापाठोपाठ ई-केवायसी आली, तिच्यात नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक मागितला गेला, आणि दोघंही हयात नसलेल्या बायकांनी काय करायचं हे आधी कुणाला सुचलं नाही. सवलत मागाहून द्यावी लागली. दरम्यान अशी एक विधवा माझ्याकडे मोबाईल घेऊन आली होती. तीन वेळा ओटीपी घालून पाहिला. ती म्हणाली, ‘बाई, माझं कुणीच नाही म्हणून तर पैसे लागतात, आणि कुणीच नाही म्हणून मिळंनात.’ माझ्या आईला काम मिळालं नसतं तर १९७९ नंतर तिला कायदा दाखवता आला असता. या बाईला दाखवायला फक्त एक शासन निर्णय आहे, आणि शासन निर्णय एका सहीनं बदलतो.

माझ्या भावाचं म्हणणंही इथं मांडायला हवं, नाहीतर तो रागावेल. तो म्हणतो, योजनांमुळं लोक आळशी झाले, छाटणीला माणसं मिळत नाहीत. माणसं मिळत नाहीत हे खरं आहे. पण सरकारी कामाची मजुरी २०२५-२६ मध्ये दिवसाला ३१२ रुपये होती. भाऊ स्वतः त्यापेक्षा जास्त देतो. मग ३१२ रुपयांसाठी, तेही आठवड्यांनी खात्यावर येणाऱ्या, त्याचा बाग सोडून कोण जाईल? माणसं गेली ती पुण्याच्या आणि कोल्हापूरच्या कारखान्यांत, बांधकामांवर. त्यांची पोरं उन्हात राबायला तयार नाहीत, आणि भावाची स्वतःची पोरं तरी कुठं तयार आहेत? आंध्र प्रदेशात अर्थतज्ज्ञ कार्तिक मुरलीधरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठ्या प्रमाणावर तपासून पाहिलं होतं, की रोजगार हमीची मजुरी चोख मिळू लागली तर काय होतं. गरीब कुटुंबांचं उत्पन्न वाढलं, आणि त्यातली बहुतेक वाढ योजनेबाहेरच्या कामातून आली. बाजारातली मजुरी वाढली आणि खासगी कामही घटलं नाही, वाढलं. भावाला मी हे सांगितलं तेव्हा तो गप्प बसला. त्याला पटलं असेलच असं नाही.

त्याच्या साडेसात अश्वशक्तीच्या आतल्या पंपाचं बिल २०२४ पासून राज्य सरकार भरतं. त्या योजनेचा खर्च वर्षाला १४ हजार कोटींच्या वर सांगितला गेला होता. तेव्हा त्याला कुणी आळशी म्हटलं नाही. तो आळशी नाहीच. पण त्याच्या बांधावर कामाला येणाऱ्या बाईकडे ना विहीर, ना पंप, तिला या मोफत विजेतला एक युनिटही मिळत नाही. योजनांची चर्चा करताना कुठला पैसा ‘मदत’ ठरतो आणि कुठला ‘फुकट’, हे घेणाऱ्याच्या जमिनीवरून ठरू नये, एवढं मला म्हणायचं आहे.

तमिळनाडूचं उदाहरण एका परिच्छेदात सांगते, कारण ते आपल्या सभागृहात अनेकदा उलटं सांगितलं जातं. १९८२ साली एम. जी. रामचंद्रन यांनी शाळकरी मुलांच्या मध्यान्ह भोजनाचा मोठा विस्तार केला, तेव्हा राज्य बुडेल असं म्हणणारे खूप होते. रेशनही तिथं जवळजवळ सगळ्यांना खुलं राहिलं. आज देशात सर्वांत जास्त कारखाने त्याच राज्यात आहेत. जेवून शाळेत बसलेली पोरंच त्या कारखान्यांत गेली. अर्थात त्यांच्यावरही कर्जाचं ओझं आहे आणि सगळंच आलबेल नाही, पण पोटभर जेवलेलं मूल राज्याला महाग पडलं नाही, एवढं तरी नक्की.

आता तातडीचा विषय. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेनं मनरेगाच्या जागी नवा कायदा केला. कामाचे दिवस १०० वरून १२५ केले, हे चांगलं झालं. पण आजवर अकुशल मजुरीचा सगळा पैसा केंद्र द्यायचं, आता त्यातला ४० टक्के वाटा राज्यानं द्यायचा आहे. पेरणी-काढणीच्या हंगामात ६० दिवसांपर्यंत कामं बंद ठेवण्याची सोयही त्यात आहे. कोरडवाहू आटपाडीत किंवा माणदेशात पेरणीच झाली नाही तर हंगाम कुठला आणि काढणी कसली? अशा वर्षी आपल्याला आपलाच १९७७ चा कायदा आठवावा लागेल. तो अजून पुस्तकावर आहे. त्याच्यासाठी घेतलेला व्यवसाय कर आजही कापला जातो. तो पैसा पुन्हा त्याच कामाच्या नावानं वेगळा ठेवा आणि ४० टक्क्यांची तरतूद वर्षाच्या सुरुवातीलाच करा. नाहीतर राज्याचा हिस्सा अडला, एवढ्या कारणावरून मजूर तीन-तीन महिने मजुरीची वाट पाहत बसतील आणि शेवटी कोयता उचलून निघून जातील.

व्यवसाय कराबद्दलही एक मागणी आहे. संविधानाच्या अनुच्छेद २७६ मध्ये या कराची कमाल मर्यादा वर्षाला २,५०० रुपये आहे. ती १९८८ मध्ये ठरली आणि तेव्हापासून तशीच आहे. परिणाम असा, की महिन्याला ११ हजार मिळवणारा सुरक्षारक्षक आणि महिन्याला ५ लाख मिळवणारा कंपनीचा संचालक, दोघंही राज्याला तेवढेच २,५०० रुपये देतात. बायकांना २५ हजारांपर्यंत सूट दिलीत, ते योग्य केलंत. आता ती सूट पुरुषांनाही द्या, आणि ही मर्यादा वाढवावी असा ठराव दोन्ही सभागृहांत एकमतानं करून दिल्लीला पाठवा. निवृत्त झाले नसते तर मी आनंदानं महिन्याला ५०० भरले असते, आणि स्टाफरूममध्ये कुरकुर करणाऱ्यांना हेच पत्र वाचून दाखवलं असतं.

लाडक्या बहिणीसाठी विधेयक आणा. तिची पात्रता, तक्रार कुणाकडे करायची, पैसे किती दिवसांत मिळायचे, नाव वगळण्याआधी तिला नोटीस, हे सगळं त्यात लिहा. आणि त्याच विधेयकात पैशाचा झरा कुठला तेही लिहा. मोठ्या सदनिकांचं मुद्रांक शुल्क असेल, महागड्या गाड्यांवरचा कर असेल, जे काही असेल ते नावानिशी असू द्या. जून २०२५ मध्ये दारूवरचं उत्पादन शुल्क वाढवून १४ हजार कोटी जादा मिळतील असं सरकारनं सांगितलं. बहिणीचा हप्ता दारूच्या महसुलावर अवलंबून राहू नये असं मला पोटतिडकीनं वाटतं. ज्या घरांत हा हप्ता जातो, त्यातल्या किती घरांत संध्याकाळी काय चालतं, ते मी ३५ वर्षं मुलांच्या तोंडून ऐकलं आहे. पैशाचा झरा ठरत नाही तोवर २,१०० चा शब्द काढू नका. झरा सापडला तर जरूर द्या, २,५०० द्या.

यातलं काहीही अवघड नाही, असा माझा दावा नाही. कर लावणारा आमदार लोकांना आवडत नाही, हे मी जाणते. पण १९७५ साली तुमच्या आधीच्या सदस्यांनी पगारदारांवर कर लावला आणि त्या करानं त्यांची राजकीय कारकीर्द संपली नाही. त्यांनी लोकांना तोंडावर सांगितलं, की हे पैसे यांच्यासाठी घेतो आहोत. लोकांनी दिले. माझ्या आईसारख्या बायकांना काम मिळतं आहे हे पटलं, म्हणून दिले.

अर्थसंकल्पावर बोलताना तुमच्यातल्या एखाद्या सदस्यानं असं विधेयक मांडायचं ठरवलं, तर मला कळवावं. आटपाडीतला तो बांध दाखवायला मी स्वतः गाडीत बसून येईन. विहिरीचं पाणी माघात मोजून दाखवीन. आणि ज्या दिवशी विधेयकावर मतदान असेल, त्या दिवशी पास मिळवून प्रेक्षक गॅलरीत येऊन बसेन. आईचा १९७३ चा फोटो नाही, कारण तेव्हा आमच्याकडे कुणी फोटो काढत नव्हतं. पण तिची हातोडी आहे, दांडा दोनदा बदललेली. ती गॅलरीत नेऊ देणार नाहीत, म्हणून भावाच्या घरी खुंटीला ठेवून येईन.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका,
सांगली